इथेल उशीर

आमच्या गावात नावांचा दुष्काळ.
चार आडनावं, दहाबारा पाळण्यातली नावं,
तीच फिरवून फिरवून तीनशे घरांना पुरवलेली.
म्हणून माणूस ओळखायचा तो खोडीवरून नाहीतर कामावरून:
एडनाफेड घड्याळ, मॉरफिद वरचा नळ,
आणि माझे बाबा, इथेल उशीर.

रविवारी पहिलं स्तोत्र निम्मं झालं
की चॅपेलचं दार करकरायचं.
टोपी हातात धरून ते दाराजवळच्या बाकावर टेकायचे, एकटेच.
मी पुढे, आईच्या माहेरच्या बाकावर,
मागे न बघता सगळं कळायचं, कान लाल व्हायचे.
एरवी हा माणूस मिनिटभर चुकायचा नाही.
खाणीचा भोंगा इथेलला बघून वाजतो, म्हणत लोक.

दगड फोडत नाहीत, ते सांगायचे, उघडतात.
ठोकळा मांडीला टेकवून
रुंद छिन्नी, लाकडी मोगरी, एक टिचकी,
आणि पापुद्रा सुटावा तशी पाटी सुटायची,
निळी, आतून ओलसर,
तिच्यावर उजेड पहिल्यांदाच पडत असायचा.
छपराच्या पाट्यांच्या मापांना मोठ्या घरच्या बायकांची नावं:
डचेस चोवीस बाय बारा, काउंटेस वीस बाय दहा.
रात्री आई विचारायची, आज काय झालं?
दोनशे काउंटेस, आणि एक डचेस मांडीवर फुटली.
आई हसून सूप वाढायची.

धूळ कुठल्या मापात बसली नाही.
शेवटच्या वर्षी जिना चढताना
मधल्या पायरीवर थांबून ते भिंतीवरचं चित्र बघत.
तिथे चित्र नव्हतं.

ते गेल्यावर दोन वर्षांनी मी जिल्ह्याच्या दफ्तरखान्यात गेले.
हातमोजे लागत नाहीत, तिथल्या बाई म्हणाल्या, धुतलेले हात पुरे.
एका पानावर पाच इथेल. कुठला माझा पणजोबा?
शेवटी घराच्या नावाने शोधलं: हावोद लास.
दफन, नोव्हेंबर, लेइकी, वय तीन, घशाचा आजार.
या मुलीचं नाव आमच्या घरात कोणी कधी घेतलं नव्हतं.
मग खाणीच्या कचेरीची वही:
संपाच्या तिसऱ्या वर्षी कामावर परतलेले,
एकेचाळीसावा, इथेल, हावोद लास.
तारीख दफनानंतरच्या सोमवारची.

बाबांच्या हत्यारांच्या पेटीत, मेणकापडाखाली
एक पुठ्ठा असायचा, उन्हाने पिवळा पडलेला,
चारी कोपऱ्यांना टाचण्यांची भोकं.
या घरात फितूर नाही.
संपात खिडक्याखिडक्यांत लागलेले तसले पुठ्ठे.
लहानपणी मी विचारलं होतं, हे काय?
घराची जुनी पाटी, म्हणाले, आणि झाकण लावलं.

आजोबा तेव्हा पाच वर्षांचे.
आपण बसलो की शेजारचे उठून जातात,
हे त्यांनी पाहिलं असेल.
म्हणून सगळे बसल्यावर जायचं,
कोणाला उठावं लागू नये.
मग ते मुलाला शिकवलं असेल, किंवा शिकवलंही नसेल,
बोट धरून नुसतं उशिरा नेलं असेल.
हे कोणी लिहून ठेवलेलं नाही, मीच जोडते आहे.
बाबांच्या वेळेपर्यंत लोक विसरलेही होते,
उशीर हे त्यांना फक्त विनोदी नाव वाटायचं.
विसरलेल्यांसाठीसुद्धा बाबा थांबायचे बाहेर,
थंडीत, पहिलं कडवं संपेपर्यंत.

परतीची बस चॅपेलवरून जाते.
आता तिथे गालिच्यांचं दुकान आहे.
छप्पर मात्र तेच, सवयीने मापं बघितली, डचेस.
एक सरकली आहे, दाराच्या किंचित मागे.
बरोबर त्या बाकावर पाणी ठिबकत असणार.
उद्या सकाळी कोणाला तरी सांगायला हवं.